मुंग्यांच्या पडद्याआडचा शब्द

‘दूरचित्रवाणी’ या शब्दात चित्र मधोमध बसले आहे आणि वाणी शेवटी आली आहे. ‘दूरदर्शन’ या सरकारी नावातून तर ती पार गळूनच गेली. बोलण्याची रीतही तशीच आहे, कारण मराठी माणूस टीव्ही ‘बघतो’, ऐकत नाही, आणि नवा संच घेताना पडदा किती इंचांचा हे विचारतो, स्पीकर कसा आहे हे सहसा विचारत नाही. प्रत्यक्षात बातम्या, मालिका, कीर्तन, क्रिकेटचे समालोचन, शेतीविषयक कार्यक्रम यांपैकी बहुतेकांचा आशय शब्दांतून पोहोचतो, आणि तो शब्द कोणत्या यंत्राने टिपला, कशावर साठवला व कशातून ऐकवला यावर प्रेक्षकाला काय कळले आणि काय निसटले हे ठरत असते. या यंत्रांचा इतिहास मुंबईच्या स्टुडिओतून पाहण्याऐवजी उमरेडसारख्या प्रक्षेपणाच्या कडेवर वसलेल्या गावातून पाहिला, तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

उमरेड हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण विदर्भाला दूरचित्रवाणीसाठी १९८०चे दशक उजाडावे लागले, आणि तोवर या भागाचे कान १९४८पासून चालू असलेल्या नागपूर आकाशवाणीवर घडलेले होते. दूरचित्रवाणीच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, जी हर्ट्झमध्ये मोजतात) साधारणपणे सरळ रेषेत जातात. जमिनीची वक्रता, टेकड्या आणि झाडी त्यांच्या आड येतात, त्यामुळे मनोऱ्यापासून ४०-५० किलोमीटरवरच्या गावात त्या क्षीण होऊनच पोहोचतात. लांब बांबूवर किंवा लोखंडी पाइपवर चढवलेला अँटेना, त्याला जोडलेला बूस्टर, छतावरून ‘आलं का?’ असे विचारणारा एक जण आणि घरातून ‘थोडं फिरव’ असे ओरडणारा दुसरा, हे त्या काळातल्या अशा प्रत्येक गावाचे दृश्य होते. चित्रावर मुंग्या नाचत असत, कधी ते वर-खाली सरकत असे, कधी नाहीसेच होत असे. आवाज मात्र बहुतेक वेळा चालू राही.

हा योगायोग नव्हता. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच वाहिनीतून पण दोन निरनिराळ्या वाहक लहरींवर पाठवले जात, आणि ध्वनीची लहर चित्राच्या लहरीपेक्षा ५.५ मेगाहर्ट्झ वर असे. चित्रासाठी लहरीची उंची कमी-जास्त केली जाई, ध्वनीसाठी मात्र उंची तीच ठेवून तिची कंप्रता बदलली जाई, म्हणजेच ज्याला आज सगळे ‘एफएम’ म्हणून ओळखतात तीच पद्धत वापरली जाई. वीज चमकली, शेजारून स्कूटर गेली किंवा मिक्सर सुरू झाला की होणारा अडथळा लहरीच्या उंचीत मिसळतो. तो चित्रावर ठिपक्यांच्या रूपाने उमटतो, पण एफएम ग्रहण करणारे यंत्र उंचीतले फरक मुळातच छाटून टाकत असल्याने आवाजावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. शिवाय ध्वनीला चित्राच्या मानाने कितीतरी अरुंद पट्टा पुरतो, त्यामुळे त्यात शिरणारा गोंधळही थोडा असतो. म्हणूनच कडेवरच्या गावांत मुंग्यांच्या पडद्याआडून शब्द स्वच्छ ऐकू येत असे, आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत हरीश भिमानी यांच्या आवाजातला ‘समय’ बोलू लागला, की पडद्यावर काय दिसते आहे याची फिकीर न करता कथा पुढे समजत राही. चेहरा नसलेले ते पात्र दूरचित्रवाणीने रेडिओच्या श्रोत्यांना दिलेली एक भेटच होती.

या ध्वनीचा दर्जाही आश्चर्य वाटावे इतका चांगला होता. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीत केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ असल्यामुळे ध्वनीला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंतची जागा मिळते; दूरचित्रवाणीच्या ध्वनीला १५ किलोहर्ट्झपर्यंतची, म्हणजे तिपटीहून अधिक जागा होती. एफएम रेडिओ गावोगावी ऐकू येण्याच्या कितीतरी आधी एफएम ध्वनी ऐकवणारे पहिले यंत्र बहुतेक घरांत टीव्हीच्या रूपाने येऊन बसले होते. त्यात एक खोट मात्र होती. संचातले मंडल ध्वनीची लहर चित्राच्या लहरीच्या आधाराने वेगळी करीत असल्यामुळे पडद्यावर ठळक पांढरी अक्षरे आली की कधी कधी आवाजात घरघर सुरू होई, आणि अक्षरे गेली की ती थांबे. श्रेयनामावलीच्या वेळची ती घरघर अनेकांना आठवत असेल. चित्र ध्वनीत घुसल्याचा तो अक्षरशः ऐकू येणारा पुरावा होता.

एवढा चांगला ध्वनी मनोऱ्यावरून निघत होता आणि घरी पोहोचतही होता. तो वाया जात होता तो शेवटच्या दोन फुटांत. संचातला स्पीकर लहान असे, तो अनेकदा पडद्याच्या बाजूला जाळीमागे बसवलेला असे, आणि पातळ लाकडी वा प्लॅस्टिकच्या पेटीमुळे त्याच्या आवाजात पेटीचीच थरथर मिसळत असे. मोठा स्पीकर न बसवण्यामागे काटकसरीइतकेच एक भौतिक कारणही होते. जुन्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय क्षेत्राने वळवून पडद्यावर फिरवला जाई, आणि स्पीकरमध्ये चुंबक असतो. तो झोताजवळ आला की रंग बिघडत आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडत. रंगीत टीव्हीशेजारी हौसेने डेकचा मोठा स्पीकर ठेवणाऱ्यांना हे डाग पाहूनच तो दूर सरकवावा लागे. चित्राच्या यंत्राने आवाजाच्या यंत्राला जवळ येऊ दिले नाही, असे त्या काळाचे वर्णन करता येईल. त्याच नलिकेची आणखी एक खूण कानाला जाणवत असे: ६२५ रेषा दर सेकंदाला २५ वेळा रेखल्या जात, त्यामुळे १५,६२५ हर्ट्झची एक अतिशय बारीक शीळ संचातून सतत निघे, जी लहान मुलांना ऐकू येई आणि वय वाढलेल्यांना येत नसे. बाहेर अंगणात उभे राहूनही घरात टीव्ही लागला आहे हे मुलांना कळे, ते या शिळेमुळे.

आवाजातले नेमके काय वाया जाते, हे समजण्यासाठी मराठी भाषेकडेच वळावे लागते. स्वरांची ताकद खालच्या व मधल्या कंप्रतांत असते, व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी वरच्या कंप्रतांत दडलेली असते. ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला फरक हा हवेच्या घर्षणाच्या दोन निरनिराळ्या सुसकाऱ्यांचा फरक आहे. मराठीत तर ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंत्य, आणि लिपी त्यांच्यात भेद करीत नसल्यामुळे तो भेद केवळ कानावर सोपवलेला आहे. ‘चार’ माणसे आणि जनावरांचा ‘चारा’, म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि थोडे या अर्थाचे ‘जरा’ या जोड्या उच्चारून पाहिल्या, तर दंत्य उच्चारातला सुसकारा अधिक बारीक, म्हणजे अधिक वरच्या कंप्रतेचा असल्याचे लगेच लक्षात येते. ज्या यंत्रात वरच्या कंप्रता गळून जातात, ते यंत्र मराठीतला हा भेद पुसट करते. संदर्भामुळे अर्थ लागतो, हे खरे. पण प्रत्येक शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावत राहणाऱ्या कानाला थकवा येतो, आणि तो थकवा बहुतेक जण ‘आवाज वाढव’ असे सांगून व्यक्त करतात.

प्रेक्षकाने दूरचित्रवाणीचा आवाज स्वतःजवळ ठेवण्याचा पहिला प्रयत्न केला तो कॅसेट टेपरेकॉर्डरच्या मदतीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेली ही छोटी कॅसेट १९८०च्या दशकात भारतात स्वस्त झाली, आणि ‘छायागीत’ वा ‘चित्रहार’ सुरू होताच टीव्हीच्या जाळीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून गाणी टिपून घेण्याची पद्धत घरोघरी रूढ झाली. अशा ध्वनिमुद्रणात गाण्याबरोबर पंख्याची घरघर, भांड्याचा आवाज आणि शेजारच्या कुत्र्याचे भुंकणेही कायमचे नोंदले जाई. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते निकृष्ट होते, पण सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्याला मोल आहे, कारण त्या काळातल्या घरांत टीव्ही कसा ऐकला जात होता याची नोंद दूरदर्शनच्या कोणत्याही संग्रहात नाही, ती या फितींवरच आहे. अशा जुन्या कॅसेट ज्यांच्या घरी अजून पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देण्याआधी एकदा ऐकून पाहाव्यात.

त्यानंतर आला व्हीसीआर. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली व्हीएचएस पद्धत गावोगावच्या भाड्याच्या व्हिडिओंमधून पोहोचली, आणि रंगीत टीव्हीसह व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून एकापाठोपाठ तीन चित्रपट पाहण्याचा प्रघात पडला. या यंत्रात ध्वनीला किती दुय्यम वागणूक मिळाली होती, हे आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. चुंबकीय फितीवर ध्वनी नोंदताना फीत जितकी वेगाने पळेल तितक्या वरच्या कंप्रता नीट नोंदल्या जातात, कारण एकेका कंपनाला फितीवर तितकी लांब जागा मिळते. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात रिळावरची फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळवली जाई आणि साध्या कॅसेटमधली ४.७६ सेंटिमीटर वेगाने; भारतात चालणाऱ्या व्हीएचएसची फीत मात्र जेमतेम २.३४ सेंटिमीटर वेगाने सरके, म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्याही निम्म्या वेगाने. चित्राची सोय निराळी होती: तिरपा बसवलेला एक दंडगोल मिनिटाला १,५०० फेरे घेई आणि त्यावरची हेडे फितीवरून सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर वेगाने घासत जात, त्यामुळे चित्राला ध्वनीच्या दोनशे पटींहून अधिक वेग मिळे. ध्वनी मात्र फितीच्या कडेला, सुमारे एक मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत, एका स्थिर हेडने नोंदला जाई.

याचा परिणाम असा, की १०,००० हर्ट्झच्या कंपनाला त्या पट्टीवर मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढीच जागा उरे. हेडवर जरा धूळ बसली, फीत सुरकुतली किंवा हेड झिजले, की एवढी सूक्ष्म नोंद वाचताच येत नसे. त्यातच भाड्याची कॅसेट बहुधा प्रतीची प्रत असे, आणि प्रत्येक प्रतीगणिक वरच्या कंप्रता आणखी घटत व फितीची खरखर वाढत जाई. चित्र पुसट झालेले कोणालाही दिसते, पण आवाजातला ‘स’ गेला, ‘च’ बोथट झाला, हे कोणी बोलून दाखवत नाही. पाहणारा एवढेच म्हणतो, की संवाद कळले नाहीत. फिरत्या हेडांनीच ध्वनीही नोंदणारी ‘हाय-फाय’ व्हीएचएस यंत्रे १९८०च्या दशकाच्या मध्यास निघाली आणि त्यांचा आवाज उत्तम होता, परंतु किमतीमुळे ती सामान्य घरांत क्वचितच पोहोचली.

गणेशोत्सवात किंवा शारदोत्सवात चौकात व्हिडिओ लावला जाई तेव्हा चित्र बारकेच राही, आवाज मात्र अॅम्प्लिफायरमधून कर्ण्याला जोडला जाई. कर्णा हे संगीतासाठी वाईट यंत्र आहे, कारण त्याला खालचे स्वर पेलत नाहीत. पण मनुष्यवाणीचा मधला पट्टा तो नेमका पुढे फेकतो, म्हणून शे-दोनशे माणसांच्या मागच्या रांगेतही संवाद पोहोचत. मागे बसलेल्याला वीस इंची पडद्यावर चेहरे ओळखू येत नसत, तरी तो उठून जात नसे. पूर्व विदर्भाला रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीतल्या नाटकांची आणि दंडारीची सवय आहे. दूरवरच्या मंचावरची आकृती नीट दिसली नाही तरी आवाजाच्या आधारे नाटक धरून ठेवणारा प्रेक्षक येथे आधीपासूनच तयार होता.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली आणि पारडे उलटे फिरले. तिच्यातले चित्र व्हीएचएसपेक्षा फार सरस नव्हते, हालचाल झाली की त्यात चौकोन पडत. परंतु ध्वनी संगीताच्या सीडीप्रमाणे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून अंकांत नोंदलेला असे. तो सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांऐवजी २ लाख २४ हजार बिटांत बसवलेला असे, आणि हे साधे ते कानाच्या एका मर्यादेचा उपयोग करून: मोठ्या आवाजाच्या लगतचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही, म्हणून त्याची माहिती तपशिलाने साठवावी लागत नाही. कितीही वेळा ऐकले तरी न झिजणारा आणि डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या असलेला आवाज सामान्य घरात असा पहिल्यांदाच आला, आणि टीव्हीचा इवलासा स्पीकर त्याला अपुरा असल्याचे लोकांना तेव्हाच उमगले. भारतभरच्या रेडिओ मेकॅनिकांनी त्यावर स्वतःचे उत्तर शोधले. ‘४४४०’ या लोकप्रिय आयसीवर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या ध्वनिवर्धक मंडलावर, पत्र्याच्या डब्यात जुळवलेले अॅम्प्लिफायर आणि सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी खोक्यांतले स्पीकर घरोघरी टीव्हीला जोडले जाऊ लागले. कंपनीचे नाव नसलेल्या या यंत्रांनी मराठी घरांतल्या टीव्हीच्या आवाजासाठी जे केले, त्याची दखल कुठे घेतली गेलेली नाही. ती घ्यायला हवी.

त्यानंतरचा मोठा बदल यंत्र विकत घेऊन झाला नाही, तो कायद्याने झाला. केबल सेवेच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूर शहरासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, उरलेल्या शहरांचा समावेश तिसऱ्या टप्प्यात होऊन ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख ठरली, आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या छत्र्या तर त्याआधीच बसू लागल्या होत्या. मुंग्या गेल्या, घरघर गेली, भाषा निवडण्याची सोय आली. पण एक गोष्ट हरवली, जी कडेवरच्या गावांना जास्त जाणवते. जुन्या पद्धतीत संकेत क्षीण झाला की चित्र हळूहळू बिघडे आणि शब्द शेवटपर्यंत टिके. अंकीय पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच प्रवाहात गुंफलेले असल्याने एका मर्यादेपर्यंत दोन्ही उत्तम राहतात आणि ती ओलांडताच दोन्ही एकदम कोसळतात. मृगाच्या पावसात आभाळ भरून आले, की पूर्वी निदान बातमीचा आवाज येत राही, आता पडद्यावर संकेत नसल्याची पाटी येते आणि घर निःशब्द होते.

आवाज आणि ओठ यांचा मेळ हा प्रश्नही अंकीय यंत्रांनीच निर्माण केला. चित्र उलगडायला ध्वनीपेक्षा जास्त गणिते करावी लागतात, त्यामुळे ते मागे पडते. बॉक्समधून आवाज थेट अॅम्प्लिफायरला जोडला आणि चित्र मात्र टीव्हीच्या प्रक्रियेतून आले, तर शब्द ओठांच्या आधी ऐकू येतो. उलट ब्लूटूथ स्पीकरला आवाज बिनतारी पाठवला, तर तो मागे पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला तरी ते प्रेक्षकाच्या लक्षात येते, मागे पडला तर मात्र सुमारे १२५ सहस्रांश सेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात निसर्गाने शिकवलेला आहे. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर होतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्याचा धपाटा आपटणे दिसल्यानंतर कानी येतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो, म्हणून मैदानात ३४ मीटरवर बसलेल्याला तो सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळतो, आणि त्याला त्यात वावगे वाटत नाही. दृश्याआधी येणारा आवाज निसर्गात नाहीच, म्हणून तो खटकतो. घरी असे होत असेल तर आवाजाची तार बॉक्सऐवजी टीव्हीतूनच काढावी, किंवा संचाच्या सेटिंगमध्ये ध्वनीचा विलंब जुळवण्याची सोय शोधावी. बहुतेक नव्या संचांत ती असते.

दूरचित्रवाणीचा आवाज असा का घडवला जातो, याचाही विचार केला पाहिजे. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी दूरचित्रवाणीला चित्रे जोडलेला रेडिओ म्हटले, आणि अमेरिकी अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८६ साली असे मांडले, की घरात इकडे-तिकडे वावरणाऱ्या प्रेक्षकाला पुन्हा पडद्याकडे बोलावून आणणे हे तिथल्या ध्वनीचे मुख्य काम असते. मराठी घरात हे पटायला पुस्तकाची गरज नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापता-थापता मालिका ऐकणारी गृहिणी संवादांवरून कथा जोडत असते आणि पार्श्वसंगीताचा ठोका पडला की दारापर्यंत येऊन एक नजर टाकते; तो ठोका तिच्यासाठीच असतो. मालिकांमध्ये प्रत्येक चेहऱ्यावर वाजणारा तोच दणका कलेच्या दृष्टीने ओबडधोबड आहे, पण त्यामागे काम करणाऱ्या बाईच्या वेळेचा हिशेब आहे. जाहिरातींचा वाढलेला आवाज मात्र या सदरात बसत नाही. तिथे आवाजाची कमाल पातळी वाढवलेली नसते, तर हळू आणि मोठा यांतले अंतर दाबून सगळेच मोठ्याजवळ आणलेले असते, ज्यामुळे कमाल पातळीच्या मोजमापात न दिसणारा कर्कशपणा कानाला जाणवतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ यांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि त्या वाक्याची अंमलबजावणी व्हायला हवी.

उमरेडच्या बाबतीत कानाचा विचार आणखी एका कारणासाठी करावा लागतो. गावाभोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या कोळसा खाणी आहेत, आणि खुल्या खाणीत डंपर, ड्रिल व क्रशर यांचा गोंगाट हा कामाचा भाग असतो. सुमारे ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दररोज आठ तास वर्षानुवर्षे कानी पडला तर ऐकण्याची शक्ती कायमची उणावते, आणि ही हानी सर्वप्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. व्यंजने जिथे राहतात तो हाच पट्टा. अशा माणसाला टीव्हीचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. तो आवाज वाढवतो, स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच बुडालेली राहतात, आणि घरातल्या इतरांना त्रास होतो. वयोमानानेही वरच्याच कंप्रता आधी जातात, त्यामुळे घरोघरी रिमोटवरून होणाऱ्या वादांच्या मुळाशी हट्ट नसतो, तर कानाच्या आतल्या नाजूक पेशींची झीज असते. टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा वाढवावा लागतो आहे असे दिसले, तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

आजचे सपाट संच या अडचणीत भर घालतात. दोन-तीन इंच जाडीच्या पेटीत मोठा स्पीकर मावत नाही, जो मावतो त्याचे तोंड खाली किंवा भिंतीकडे असते, आणि व्यंजनांचा बारीक आवाज सरळ पुढे जाणारा असल्याने तो भिंतीवर आपटून विस्कटल्यावर कानापर्यंत येतो. त्यातच कवेलूंची घरे जाऊन स्लॅबची आली. कौलांच्या फटींतून आवाज बाहेर निसटून जाई, आता तो गुळगुळीत प्लास्टर आणि फरशी यांच्यात घुमत राहतो व एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर येऊन पडते. मोबाइलवर वा टीव्हीवर येणारे नवे चित्रपट तर अनेकदा सहा वाहिन्यांच्या थिएटरसाठी मिसळलेले असतात, ज्यात संवाद मधल्या वेगळ्या स्पीकरसाठी राखलेले असतात. त्या सहा वाहिन्या दोन छोट्या स्पीकरांत कोंबल्या, की कुजबुज गोंगाटाखाली जाते. यावरचा उपाय महागडा नाही. भिंतीवर जाड पडदा, खाली सतरंजी, शक्य असल्यास प्रेक्षकाकडे तोंड केलेला छोटा स्पीकर किंवा साउंडबार, आणि संचातल्या सेटिंगमध्ये ‘स्पीच’ किंवा ‘डायलॉग’ हा पर्याय, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. छाती हादरवणाऱ्या वूफरने शब्द कळायला कोणतीही मदत होत नाही.

नवा टीव्ही घ्यायला उमरेडच्या बाजारात किंवा नागपूरला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे, की दुकानदाराने लावलेल्या रंगीबेरंगी फुलांच्या आणि पक्ष्यांच्या चित्रफितीवर निर्णय घेऊ नये. त्याला मराठी बातम्या लावायला सांगाव्यात, घरी बसता तितक्या अंतरावर उभे राहावे, सोबत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला न्यावे आणि दोन मिनिटे पडद्याकडे पाठ करून ऐकावे. ‘चार’ आणि ‘चारा’ वेगवेगळे ऐकू आले, तर तो संच घ्यावा.